वर्गातले 'आपण'

मराठीत कादंबरीची आवृत्ती अकराशे प्रतींची निघते. तिच्यावर चार परीक्षणे येतात, एखादे चर्चासत्र होते आणि वाद झालाच तर तो पुढच्या दिवाळी अंकापर्यंत टिकतो. बालभारतीचे इतिहासाचे पुस्तक मात्र राज्यभरची मुले एकाच वर्षी वाचतात, तेही मोठ्याने. त्यातली वाक्ये पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि पुढे आयुष्यभर स्वतःची मते म्हणून बोलतात. महाराष्ट्रात इतके वाचले जाणारे दुसरे गद्य नसेल. तरीही आपल्या समीक्षेने त्याच्याकडे गद्य म्हणून पाहिलेले नाही. पाठ्यपुस्तकांवर वाद होतात ते कोण घेतला आणि कोण गाळला यावर. वाक्याचा कर्ता कोण, क्रियापद कोणते, सर्वनाम कोणाचे, हे प्रश्न आपण कवितेला विचारतो. पाठ्यपुस्तकाला ते मला विचारायचे आहेत, कारण मी मराठी शाळेत शिकलेला मुसलमान आहे आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे मराठी शाळेतच इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले आहे.

आमच्या वेळी चौथीला शिवछत्रपतींच्या चरित्राचे स्वतंत्र पुस्तक होते. पुढे ते 'परिसर अभ्यास'चा दुसरा भाग झाले. अफझलखानाचा धडा आमचे गुरुजी फार रंगवून सांगत. माणूस चांगला होता. माझ्या पाटीवर त्यांनी कधी वेगळा हात फिरवला नाही. खान पडला तेव्हा सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर शेजारचा मित्र माझ्याकडे वळून सहज म्हणाला, "तुमचा खान मेला." त्यात द्वेष नव्हता. क्रिकेटमध्ये समोरच्या संघाचा गडी बाद झाल्यावर बोलावे, तसे तो बोलला. अडचण एवढीच होती की त्या क्षणापर्यंत आपण समोरच्या संघात आहोत हे मला ठाऊक नव्हते.

संध्याकाळी अब्बांना विचारले, अफझलखान आपला कोण? अब्बा कापूस पिंजून गाद्या भरण्याचा धंदा करीत. हातातले काम न थांबवता ते म्हणाले, "आपला कोणी नाही. तो विजापूरचा. आपण बार्शीचे."

अब्बा चौथीही शिकलेले नव्हते. पण 'आपण' या शब्दाचा इतका नेमका वापर मी नंतर कुठल्या इतिहासकाराकडे पाहिला नाही.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत, हे व्याकरणाच्या प्रत्येक पुस्तकात असते. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. हिंदी-उर्दूच्या 'हम'ला हा भेद ठाऊक नाही, इंग्रजीलाही नाही. मराठीला आहे, आणि वर्गात त्याचे जे होते ते मोठे चमत्कारिक आहे. पुस्तकात बहुतेक ठिकाणी 'मराठे' असे छापलेले असते. निदान अलीकडच्या पुस्तकांबद्दल हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पण गुरुजींच्या तोंडी येताच 'मराठ्यांनी' याचे 'आपण' होते. आपण किल्ला घेतला, आपले सैन्य कमी होते, त्यांची फौज मोठी होती. बाजारातल्या गाइडात हेच येते, गॅदरिंगच्या नाटुकल्यातही हेच येते. व्याकरणाप्रमाणे ज्या शब्दाने समोर बसलेल्या प्रत्येक मुलाला आत घ्यायचे, त्याच शब्दाने दोन-तीन मुले नकळत बाहेर जातात. आणि ज्याला व्याकरण बाहेर ठेवणारा शब्द म्हणते तो 'आम्ही' संविधानाच्या उद्देशिकेत पहिलाच शब्द म्हणून येतो आणि कोणालाही बाहेर ठेवत नाही. इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच वेष्टनात बांधून मुलाच्या हाती दिले जातात, पण दोन्ही भागांची सर्वनामे एकमेकांना ओळखत नाहीत.

दुसरी गोष्ट वचनाची. मराठीत आदर अनेकवचनाने दाखवतात. महाराज आले, खान आला. यावर आपल्या काही लेखकांनी पूर्वी रोष धरलेला मी ऐकला आहे. तो मला पूर्ण पटत नाही. तानाजीही एकवचनीच लढतो आणि एकवचनीच पडतो. सिकंदरही एकवचनातच येतो आणि जातो. एकवचन जिव्हाळ्याचे असते तसे परकेपणाचेही असते, आणि छापील कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. फरक पडतो तो वाचणाऱ्याच्या गळ्यात. पाठ्यपुस्तक ही एका अर्थाने संहिता आहे, तिचा प्रयोग रोज होतो. म्हणून केवळ मजकूर तपासणाऱ्या समित्यांना वाक्य निर्दोष दिसते आणि वर्गातल्या मुलाला ते टोचते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मात्र एकाची 'स्वारी' आणि दुसऱ्याचे 'आक्रमण', ही निवड गळ्याची नाही, लेखणीची आहे. तिचा जाब लेखणीलाच विचारला पाहिजे.

या सर्वनामाची ताकद किती, हे पाहायचे तर प्रतापगडाच्या त्याच प्रसंगाकडे पुन्हा यावे. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर. खानाच्या फौजेत मंबाजी भोसले, म्हणजे महाराजांच्या भाऊबंदांपैकी. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम. पुढच्याच वर्षी, १६६० मध्ये, पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर, आणि तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर धावून गेलेला सिद्दी हिलाल. १६६५ मध्ये पुरंदरला मुघलांच्या वतीने उभे राहिलेले मिर्झाराजे जयसिंग. ही माहिती गुप्त नाही. यातले बरेचसे पुस्तकांतच मिळते. तरीही तपशिलांची ही गर्दी 'आपण' आणि 'ते' या दोन खणांना ओलांडत नाही. खण आधी तयार असतात, तपशील मागाहून येतात. एकाचे नाव 'फितूर' म्हणून टिपले जाते, दुसऱ्याचे 'निष्ठावंत मुसलमान' म्हणून, आणि खण जिथल्या तिथे राहतात. हे खण जुने आहेत. हिंदुस्थानचा इतिहास हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश अशा तीन कालखंडांत कापणारा जेम्स मिलचा ग्रंथ १८१७ चा. त्याने पहिल्या दोघांना धर्माने ओळखले आणि तिसऱ्याला देशाने. मिलचे नाव आज शिक्षकांना ठाऊक नसेल, पण त्याची पट्टी अजून फळ्याशेजारी टांगलेली आहे.

या खणांवर आपल्या बाजूने जो तोडगा निघाला त्याला मी 'यादीचा इतिहास' म्हणतो. शिवजयंतीच्या व्यासपीठावर आपल्यातला एखादा वक्ता उभा राहतो आणि नावे वाचतो. आरमाराचा दौलतखान, पायदळाचा नूरखान बेग, काझी हैदर, सिद्दी हिलाल, मदारी मेहतर. ही नावे बहुजन वाचकांपर्यंत नेण्याचे मोठे काम गोविंद पानसरे यांच्या 'शिवाजी कोण होता?' या १९८८ च्या छोट्या पुस्तकाने केले, आणि त्या काळात ते धैर्याचे काम होते. त्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणा होईल. मीही अनेक वर्षे ही यादी फळ्यावर लिहीत आलो.

पण हळूहळू मला तिचा जाच वाटू लागला. यादी वाचून झाली की टाळ्या पडतात आणि सभागृहातल्या मुसलमान मुलाच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. सुटका कशातून? एखाद्या आरोपातून सुटल्यासारखा तो चेहरा असतो. म्हणजे ही यादी इतिहास नसून जामीन आहे. १६५९ मध्ये कोणी सिद्दी इब्राहिम महाराजांशेजारी उभा होता म्हणून आज माझ्या नातवाला या वर्गात बसण्याचा हक्क आहे, असा तिचा न उच्चारलेला तर्क असतो. शेजारच्या बाकावरच्या मुलाला असा जामीनदार कोणी मागत नाही. त्याचा पूर्वज त्या दिवशी मंबाजीबरोबर होता की महाराजांबरोबर, हे त्याला कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

शिवाय जामीन कच्चा असतो. मदारी मेहतरच्या गोष्टीला समकालीन आधार नाही, असे अनेक अभ्यासक सांगतात. फातिमा शेख यांचे पाहा. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने समाजमाध्यमावर जाहीर केले की हे पात्र आपणच रचले, आणि दोन दिवस आपल्या घराघरांत अशी धावपळ उडाली की जणू घराचे खरेदीखत हरवले आहे. पुरावे शोधले पाहिजेत, फातिमांवर संशोधन झाले पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण एका नावाचा कागद सापडला नाही म्हणून एका समाजाच्या पायाखालची फरशी हलावी, हे त्या नावाला झेपणारे ओझे नाही. इतिहासाकडे आपण जे मागतो आहोत ते खरे तर नागरिकशास्त्राने द्यायचे आहे.

२०१७ मध्ये सातवीचे पुस्तक बदलले तेव्हा बराच गदारोळ झाला. मुघलांचा इतिहास आक्रसला आणि मराठ्यांच्या इतिहासाने पुस्तक व्यापले, असा आक्षेप होता. वस्तुस्थिती तशीच आहे. पण माझा आक्षेप निराळा आहे. महाराष्ट्रातल्या मुलाने महाराष्ट्र केंद्रस्थानी ठेवून इतिहास शिकावा, यात मला गैर दिसत नाही. उलट मुसलमान मुलाला त्यातच अधिक मिळण्यासारखे होते. दिल्ली-आग्र्याच्या तख्तांशी बार्शी-मालेगाव-चिपळूणच्या मुलाचे नाते काय? त्याचे नाते खडकीत नहरीचे पाणी खेळवणाऱ्या आणि जमीनमहसुलाची घडी बसवणाऱ्या मलिक अंबरशी आहे. त्याचे नाते दख्खनी बोलीशी आहे, मालेगाव-भिवंडीच्या मागांशी, कोकणातल्या दालदी मच्छीमारांशी आहे. महाराष्ट्र केंद्रस्थानी आला, पण कोणता महाराष्ट्र, हा खरा प्रश्न होता.

त्या पुस्तकाची मांडणीच पाहा. साधने आणि शिवपूर्वकालीन भारत झाल्यावर तिसरा धडा येतो 'धार्मिक समन्वय'. भक्ती, सूफी, कबीर, नानक, सगळे तिथे. हेतू चांगला आहे, मजकूरही बरा आहे. पण तो धडा संपला की समन्वयही संपतो. नंतर स्वराज्यस्थापना, मुघलांशी संघर्ष, स्वातंत्र्ययुद्ध, सत्तेचा विस्तार, 'राष्ट्ररक्षक मराठे', अशी रांग लागते. जणू समन्वय ही घरातली पाहुण्यांची कपबशी आहे. एकदा काढून दाखवायची आणि कपाटात ठेवून द्यायची. प्रत्यक्षात तो वेगळ्या धड्यात कधी राहिलाच नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहितात. परंपरेने त्यांचे गुरू मानलेले चांद बोधले हेच एकनाथांच्या गुरूंचे, जनार्दनस्वामींचेही गुरू मानले जातात. मालोजीराजांचा संबंध परंपरा या शेख महंमदांशी जोडते, आणि त्यांच्या मुलांची शहाजी, शरीफजी ही नावे नगरच्या शाह शरीफांवरून ठेवली असेही सांगते. म्हणजे ज्याला पुस्तक 'धार्मिक समन्वय' म्हणून तिसऱ्या धड्यात बसवते तो पाचव्या धड्यातल्या राजघराण्याच्या बारशालाच हजर आहे! 'राष्ट्ररक्षक' या मथळ्याखाली पानिपत येते. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता, आणि त्याने अखेरपर्यंत साथ सोडली नाही म्हणून तो मारला गेला. त्याला इथे धार्मिक समन्वयाचा नमुना म्हणून आणू नका. तोफा कशा होत्या, गारद्यांची कवायत कशी होती, मराठ्यांच्या जुन्या गनिमी पद्धतीशी ती का जुळली नाही, हे सांगा. तो तोफखान्याचा माणूस होता, त्याला तोफांविषयी विचारा.

एनसीईआरटीने २०२३ मध्ये बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबारांचे प्रकरण काढले, तेव्हा आपल्याकडच्या निषेधाच्या सभांना मी गेलो. प्रकरण काढणे चुकीचेच होते. ज्या कालखंडाच्या कागदपत्रांवर महाराष्ट्राचाही इतिहास उभा आहे तो वगळून मराठ्यांचा पराक्रमसुद्धा नीट समजणार नाही. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली ती याच जाणिवेने. पण सभेतली भाषणे निराळ्या सुरात होती. 'आमचा इतिहास पुसला', 'आमचे बादशाह'. मला पुन्हा अब्बा आठवले. बादशाह आमचे केव्हा झाले? पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार, शिकलगार, मुजावर, मोमीन, यांच्यापैकी कोणाच्या घरात तख्ताचा तुकडा आहे? समोरच्याने 'तुमचा खान' म्हटले ते आम्हाला टोचले, आणि आम्ही ते मान्य करून मोकळे झालो.

त्याची किंमत पोरे मोजतात. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दंगल झाली, मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपूर पेटले. अशा वेळी स्टेटस ठेवणारे पोर सोळा-सतरा वर्षांचे असते. औरंगजेबाने कोणता कर लावला, सख्ख्या भावांचे काय केले, विजापूर आणि गोवळकोंडा ही मुसलमानांचीच राज्ये का बुडवली, यातले त्याला काही ठाऊक नसते. त्याला चौथीत कोणीतरी दिलेली जागा ठाऊक असते, आणि तो त्या जागेवर जाऊन उभा राहतो. जे पोर दगड घेऊन त्याच्या घरावर येते तेही चौथीतल्याच जागेवरून आलेले असते. हे लिहिताना माझ्याही हातून वर 'आम्ही' आणि 'आपण' किती वेळा आले आहे, ते वाचकांनी मोजावे. या रोगातून समीक्षक सुटलेला नाही.

'आपण'बाहेर राहणारे फक्त मुसलमान नाहीत, हे मला वर्गातच उशिरा कळले. आठवीच्या वर्गात स्वातंत्र्याचा धडा चालला होता. एक पारधी मुलगा होता, क्वचित बोलणारा. तो म्हणाला, "सर, आमचं स्वातंत्र्य पाच वर्षांनी आलं." १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना त्या शिक्क्यातून ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्त केले. सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, हे त्याने आजीकडून ऐकले होते. मी यादी घेऊन उभा राहणारा मुसलमान शिक्षक, पण माझ्याकडे त्याच्यासाठी ना यादी होती ना जामीनदार. भूगोलाच्या परीक्षेत अंध विद्यार्थ्याला नकाशाऐवजी दुसरा प्रश्न देण्याची सोय असते. इतिहासात या मुलाला 'आपण'ऐवजी दुसरे काय द्यायचे, याची सोय कुठे नाही.

त्याच आठवीच्या पुस्तकात एक जागा मात्र मला फार आवडते. १९३० चा सोलापूरचा सत्याग्रह, मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चौघे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. गद्य म्हणून ही जागा पाहण्यासारखी आहे. चार नावे स्वल्पविरामांनी जोडलेली आहेत. कुर्बान हुसेन यांच्या नावापुढे 'सुद्धा' नाही, 'देखील' नाही, 'मुस्लिम असूनही' नाही. ऐक्याचा देखावा करावा म्हणून कोणी हे चौघे निवडले नव्हते. ते गिरण्यांच्या, पेठांच्या एका गावातले होते आणि सरकारने त्यांना एका खटल्यात ओढले होते. हा समन्वय वेगळ्या धड्यात बसवावा लागला नाही, तो स्वल्पविरामात मावला. सर्वसमावेशक इतिहास म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हे वाक्य दाखवतो.

नागरिकशास्त्राबद्दल कमीच लिहावे लागते, कारण ते शिकवले कमीच जाते. इतिहास दिवाळीच्या पुढे रेंगाळतो आणि मूलभूत हक्क मार्चमध्ये दोन तासांत उरकतात. सातवीत उद्देशिका आहे, वैशिष्ट्ये आहेत, हक्कांचे दोन धडे आहेत. पण त्यांना गोष्ट नाही, माणूस नाही. समतेच्या हक्काला त्या पारध्याची आजी मिळाली असती तर पोरांनी तो कलमांच्या क्रमांकाशिवाय लक्षात ठेवला असता. इतिहासाला सगळी माणसे दिली आणि नागरिकशास्त्राला सगळी तत्त्वे, अशी ही वाटणी आहे.

निवृत्तीच्या आधीच्या दोन वर्षांत मी एक प्रयोग करून पाहिला. सोलापूरचा धडा आला की मुलांना सांगायचे, घरातला जुन्यात जुना कागद किंवा वस्तू आणा. एकाने आजोबांचा जुन्या मिलचा बिल्ला आणला. एका मुलीने आजीचे विडी कारखान्याचे कार्ड आणले, तिच्या शेजारणीनेही तसलेच आणले. एकीची आजी पद्मशाली, दुसरीची मोमीन, कारखाना एकच. पारध्याच्या पोराने काही आणले नाही. म्हणाला, आमचा कागद पोलिस ठाण्यात असेल. वर्ग हसला, तोही हसला, आणि मग कोणी हसले नाही. त्या तासाला 'आपण' हा शब्द पोरांच्या तोंडी बऱ्याच वेळा आला. तो गिरणीच्या भोंग्याबद्दल होता, मजुरीच्या दराबद्दल होता, पाणी एक दिवसाआड येण्याबद्दल होता.

मुख्याध्यापक दारात उभे राहून ऐकत होते. नंतर त्यांनी मला बोलावून विचारले, हे परीक्षेला येणार आहे का? मी नाही म्हणालो. पुढच्या वर्षी वेळापत्रकात तो तास इंग्रजीला गेला.